गोणी आणि टोपली

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याला लागून असलेला मांडवी हा भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साऱ्या शहराचे धान्यकोठार होता. देशावरून आगगाडीने आणि कच्छ-काठेवाडाकडून गलबतांनी येणारा गहू, तांदूळ, बाजरी, डाळी आणि गळिताची धान्ये यांच्या गोण्या येथील वखारींत आढ्यापर्यंत रचलेल्या असत. वखारींच्या माथ्यावरील मजल्यांत हमाल, गाडीवान, गुमास्ते आणि त्यांची मुलेमाणसे दाटीवाटीने राहत असत. आणि खाली, दोन खटारे समोरासमोर आले तर हमरीतुमरी व्हावी इतक्या अरुंद बोळांत, भिंतीला पाठ लावून भाजीवाल्या, कोळणी, चणेवाले आणि पानविडीवाले आपला दिवस काढीत असत. वखारीतला शेठ, माडीवरचा हमाल आणि बोळातली टोपलीवाली यांचा परस्परसंबंध कोणत्याही वहीत नोंदलेला नसला तरी तो नित्याचा होता. कारण शेठने दिलेली मजुरी हमालाच्या हातून टोपलीवालीच्या पदरी पडे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा घाऊक बाजारात जाऊन पोचे.

या वस्तीत २३ सप्टेंबर १८९६ रोजी गोव्यातील हडफडे गावचे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगास यांनी एका रोग्याला तपासून त्याचा आजार गाठीचा ताप, म्हणजेच प्लेग, असल्याचे निदान केले. त्यापूर्वी दोन वर्षे हाँगकाँगमध्ये थैमान घालणारा हा रोग व्यापारी जहाजांच्या वाटेने मुंबईत उतरला असावा, असे पुढे मानले गेले. या निदानानंतर जे घडले त्याचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु तो मुख्यत्वे आरोग्य खाते, पोलीस खाते आणि न्यायकचेरी यांच्या दप्तरांतून लिहिला गेला आहे. हाफकिन यांची लस, पुण्यातील रँडसाहेबाची राजवट आणि त्याचा वध, चापेकर बंधूंची फाशी, लोकमान्यांवरील राजद्रोहाचा खटला, ही सारी प्रकरणे महत्त्वाचीच आहेत, आणि त्यांचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. तथापि ज्या बाजाराच्या पोटात हा रोग प्रथम उघडकीस आला, त्या बाजारातल्या जिवंत राहिलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न या दप्तरांनी विचारला नाही, म्हणून तो इतिहासकारांनीही फारसा विचारला नाही. मृत्यूची नोंद ठेवण्यासाठी कारकून असतो. मोडलेल्या धंद्याची नोंद ठेवण्यासाठी कोणी नसतो.

टोपलीवालीचा धंदा कसा मोडतो हे कळण्यासाठी तो कसा चालतो हे आधी पाहिले पाहिजे. १८६९ साली पुऱ्या झालेल्या क्रॉफर्ड मार्केटात वसईची केळी, साष्टीच्या वाड्यांतली पालेभाजी आणि घाटावरचे कांदेबटाटे पहाटेच्या अंधारात येऊन पडत. भाजीवाली तेथे रोकड देऊन माल उचली. परंतु ती रोकड बहुधा तिची नसे. आदल्या रात्री किंवा त्याच पहाटे वस्तीतल्या कोणा उसनवाल्याकडून रुपया-दोन रुपये घ्यायचे, दिवसभर विक्री करायची आणि दिवेलागणीला मुद्दल व त्यावरचे व्याज त्याच्या हातावर ठेवून उरलेल्या आण्यांत घर चालवायचे, असा हा क्रम असे. म्हणजे तिचे भांडवल रोज पहाटे जन्म घेई आणि रोज संध्याकाळी नाहीसे होई. त्यातच गिऱ्हाइकांची उधारी असे. गिरणीतला पगार महिन्याने आणि तोही महिना उलटून कित्येक दिवसांनी मिळत असल्यामुळे चाळीतली कामकरी कुटुंबे वाण्याकडे जशी उधारीवर जगत, तशीच ती थोड्याफार प्रमाणात मासळीवाली आणि भाजीवाली यांच्या उधारीवरही जगत. वाण्याची उधारी चोपडीत असे. कोळणीची उधारी तिच्या स्मरणात असे, फार तर दाराच्या चौकटीवर ओढलेल्या कोळशाच्या रेघांत असे. मुंबईतील गिरणीधंदा उभा राहण्यास कापूस, वाफ आणि विलायती यंत्रे यांबरोबरच या बायकांनी महिनाभर सोसलेली ही उधारीही कारणीभूत होती, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण मालकाने अडकवून ठेवलेल्या पगाराचा भार अखेर कोणी ना कोणी वाहतच होते, आणि तो वाहणारांत सर्वांत दुबळा खांदा त्यांचा होता.

आता या व्यवस्थेवर प्लेगचा आघात कसा झाला ते पाहावे. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांतली जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली होती. भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीकडे जाणाऱ्या आगबोटी आणि पडाव माणसांनी लादलेले असत. आगगाडीने घाटावर जाणारांची कल्याणला उतरवून तपासणी होई, बगलेत गाठ आहे काय हे पाहण्यासाठी डॉक्टर स्त्रीपुरुषांच्या अंगाला हात लावीत, आणि संशय आला तर तेथेच अडकवून ठेवीत. पळून जाणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण त्याच्यामागे मृत्यू लागला होता. परंतु पळणारा आपल्याबरोबर उधारीही घेऊन गेला. चाळीतल्या ज्या वीस बिऱ्हाडांना कोळणीने महिनाभर मासळी घातली, त्यांतली काही बिऱ्हाडे एका रात्रीत कुलपे लावून कोकणात गेली, काहींत कर्ता पुरुष मेला, काहींचा आरोग्य खात्याने ताबा घेतला. कोळशाच्या रेघा दाराच्या चौकटीवर तशाच राहिल्या आणि पुढे चुन्याच्या सफेतीखाली गेल्या. वाण्याला निदान चोपडी घेऊन दिवाणी न्यायालयाची पायरी चढता येत होती. टोपलीवालीला तेही दार नव्हते, आणि पहाटेचा उसनवाला मात्र तिच्या दारी उभा होता.

ज्यांचे घर, शेत किंवा भाऊबंद कोकणात अथवा घाटावर होते ती माणसे गेली. ज्यांचे कोठेच काही नव्हते ती राहिली. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला काही काळ एक विलक्षण प्रकार आला. मजुरांवाचून गिरण्यांचे साचे बंद पडू लागले तेव्हा गिरण्यांची माणसे नाक्यानाक्यावर येऊन उभी राहू लागली आणि मजुरांच्या रोजावर चढाओढीने बोली लागू लागली. एरवी महिना महिना पगार थकविणारे मालक रोजचा रोज चुकता करू लागले. भंगी आणि हलालखोर कामगार शहर सोडून गेले तर शहर राहण्यालायक उरणार नाही, हे उमगल्यामुळे म्युनिसिपालिटीचे अधिकारी त्यांची मनधरणी करू लागले. रोख मजुरी हाती येऊ लागली म्हणजे रोख गिऱ्हाईक मिळू लागले, आणि ज्या थोड्या फेरीवाल्यांच्या अंगात त्या दिवसांत टोपली उचलण्याचे बळ व धैर्य होते, त्यांनी या रोखीवर दिवस काढले असणार. परंतु हा काळ अल्प होता, आणि त्याचा लाभ दुसऱ्या एका संकटाने हिरावून घेतला. १८९६ चा पाऊस दख्खनवर रुसला होता. १८९६-९७ चा दुष्काळ सोलापूर, नगर, विजापूरकडे पसरला होता आणि धान्याचे भाव चढत गेले होते. मांडवीच्या वखारींत धान्य होते, पण ते भरणारे आणि उचलणारे हात निघून गेले होते. रोगाने गिऱ्हाईक नेले आणि अवर्षणाने माल महाग केला. या दोहोंच्या कात्रीत जो सापडला त्याच्यासाठी गहाण ठेवण्याजोगे होते ते तांब्यापितळेचे भांडे, आणि तेही संपल्यावर उरला तो अंगावरचा डागिना.

सरकारने काय केले? ४ फेब्रुवारी १८९७ रोजी एपिडेमिक डिसीजेस ॲक्ट या नावाचा अवघ्या चार कलमांचा कायदा अमलात आला आणि त्याने सरकारी अंमलदारांच्या हाती अमर्याद अधिकार दिले. मार्च महिन्यात जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती नेमली गेली. मांडवीच्या बोळांत नळाने समुद्राचे पाणी सोडून गटारे धुण्यात आली. कार्बॉलिक ॲसिडचे फवारे भिंतींवर मारण्यात आले. अंधाऱ्या खोल्यांत ऊन पडावे म्हणून छपराची कौले काढण्यात आली. आणि मनुष्यवस्तीस अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगविण्यात आली. ज्या भिंतीला पाठ लावून एखादी बाई दहा वर्षे बसली होती त्या भिंतीवर ही अक्षरे उमटली म्हणजे तिची जागा गेली. कारण त्या घराशेजारी उभे राहून काही विकत घेण्याचे धाडस कोण करील? घरमालकाला आपल्या घरासंबंधी अर्ज करता येत होता. भिंतीच्या सावलीवर मात्र कोणाचा हक्क नोंदलेला नसतो.

जुन्या कपड्यांच्या व्यापारावर आलेली आपत्ती तर विशेषच क्रूर होती. भांडी देऊन जुनेर घेणाऱ्या बोहारणी, फाटक्या वस्त्रांची डागडुजी करून ती विकणारे, चिंध्या गोळा करणारे, असा एक मोठा वर्ग या शहरात जुन्यापान्यावर जगत आला होता, आणि ज्यांना नवे धडोते घेणे परवडत नसे ते सारे त्याचे गिऱ्हाईक होते. प्लेगच्या घरातील अंथरुणे-पांघरुणे आणि वस्त्रे जाळण्याचा शिरस्ता पडला, आणि १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने वापरलेले कपडे, चिंध्या आणि कच्ची कातडी यांचा समावेश संशयित मालाच्या यादीत केला. बंदरातून बाहेर जाणारा माल अडला म्हणजे त्याचा धक्का थेट उकिरड्यावर चिंध्या वेचणाऱ्या पोरापर्यंत पोचतो. मधल्या प्रत्येक पायरीवरचा माणूस आपला तोटा खालच्यावर ढकलीत असतो आणि सर्वांत खालच्याला ढकलायला कोणी उरत नाही. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंनाही बंदी झाली, आणि यात्रेकरूंच्या शिधासामग्रीवर, पेट्या-बोचक्यांवर, मुसाफिरखान्यांच्या आसपासच्या खाण्यापिण्यावर ज्यांचा हंगाम साधत असे त्यांचा तोही हंगाम बुडाला.

बाजाराने हे सारे मुकाट्याने सोसले असे मात्र नव्हे. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील जुलाहा विणकरांच्या मोहल्ल्यात तपासणी पथक एका आजारी मुलीला पाहण्यासाठी शिरले, तेव्हा लोक चवताळून उठले, गोळीबार झाला, आणि दंगल शहराच्या इतर भागांत पसरली. त्यानंतर गाडीवानांनी खटारे सोडले, गोदीतल्या मजुरांनी काम टाकले, दुकानांच्या फळ्या लागल्या. हा हरताळ म्हणजे केवळ पडद्याच्या अभिमानाचा किंवा धर्मभावनेचा प्रश्न होता, असे म्हणून जे लेखक तो बाजूला सारतात त्यांनी त्यामागचे दीड वर्षाचे हाल विचारात घेतलेले नाहीत. ज्याचे घर उघडले गेले, कपडा जाळला गेला आणि गिऱ्हाईक परागंदा झाले, त्याच्या हाती निषेधाचे एकच साधन उरते, ते म्हणजे दुकानाची फळी. आणि ती लावल्याने त्याचाही त्या दिवसाचा घास जातो हे त्याला पुरते ठाऊक असते. हरताळानंतर सरकारला तपासणीची पद्धत सौम्य करावी लागली.

पुण्याची हकिकत महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, म्हणून ती येथे विस्ताराने सांगत नाही. मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या सोल्जरांनी घरोघर केलेली झडती सर्वश्रुत आहे. शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणातला भाजीबाजार उठून १८८६ साली बांधलेल्या रे मार्केटात गेला त्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. म्युनिसिपालिटीने या इमारतीवर एवढा पैसा घालू नये, तो शिक्षणाकडे लावावा, असे मत जोतीराव फुल्यांनी सभासद असताना मांडले होते, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचे नाव मिळाले. फुलेमाळ्यांच्या घरी जन्मलेल्या जोतीरावांना बाजारात माल घेऊन येणाऱ्याचे दुःख ठाऊक होते. त्यांच्यामागे सावित्रीबाईंनी पुत्र यशवंत याच्या मदतीने पुण्याजवळच्या माळावर प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचे देहावसान झाले. ज्यांना इस्पितळात नेण्यास कोणी नव्हते अशा गोरगरिबांना त्या स्वतः आणीत होत्या, ही गोष्ट त्या काळच्या सर्व शासकीय अहवालांपेक्षा मला थोर वाटते.

पुण्यामुंबईबाहेर, तालुक्याच्या गावी आणि खेड्यापाड्यांत, प्लेगने एक नवीच रीत पाडली. उंदीर पडू लागले की गाव उठे आणि माळावर जाऊन झोपड्या बांधी. कुडाच्या भिंती, पाचटाचे किंवा गवताचे छप्पर, दारात चूल. जुन्या पिढीतल्या असंख्य माणसांच्या आठवणींत हे झोपड्यांतले दिवस सापडतात, आणि त्यांत बाजाराचे चित्रही अधूनमधून डोकावते. पेठेतली दुकाने बंद, म्हणून वाणी दोन गोण्या आणि तराजू घेऊन एका खोपटात बसलेला. तेली घाणा गावात सोडून बुधला घेऊन आलेला. कुंभाराची भट्टी विझलेली, कारण नवी गाडगी कोणी घेत नाही. आणि शिंपी तर साऱ्यांत बेकार, कारण ज्या साली गाव माळावर असते त्या साली लग्ने पुढे ढकललेली असतात. आठवड्याचा बाजार आणि यात्राजत्रा यांवर बंदी आली म्हणजे कासार, तांबट, घोंगडीवाले, खेळणीवाले, रेवड्या-बत्तासे विकणारे, ज्यांचे वर्षच मुळी यात्रांच्या पंचांगावर बेतलेले असते, त्यांचा सारा क्रम कोलमडे. शेतकऱ्याला निदान जमिनीवर कर्ज काढता येई. यात्रेकडे निघालेल्या कासाराच्या पाठीवरच्या बांगड्यांवर सावकार किती देणार?

या सगळ्या बंदोबस्तामागे एक मोठा गैरसमज उभा होता, आणि तो समजून घेतल्यावाचून या काळचे दुःख पुरते उमगत नाही. रोग घाणीतून, दमट हवेतून, माणसांच्या गर्दीतून आणि त्यांच्या चिंध्याबोचक्यांतून पसरतो अशी अंमलदारांची समजूत होती. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल-लुई सीमाँ यांनी जून १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून उंदराच्या अंगावरची पिसू रोग वाहून नेते हे दाखविले, पण त्यावर विश्वास बसायला आणखी काही वर्षे जावी लागली. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाने ती गोष्ट पक्की झाली. पिसवा उंदरावर, उंदीर धान्यावर आणि धान्य आगगाडीने गावोगाव. म्हणजे ज्या वर्षांत कल्याणच्या फलाटावर गरीब बायाबापड्यांच्या बगला चाचपल्या जात होत्या त्याच वर्षांत गोण्यांनी भरलेल्या वाघिणी इलाख्याच्या कानाकोपऱ्यात जात होत्या, आणि त्यांच्याबरोबर उंदीर नि पिसवा. रोग गोणीतून हिंडला. जाच टोपलीला झाला. अंमलदारांच्या अज्ञानाला मी गुन्हा म्हणत नाही, कारण शास्त्रच तेव्हा अपुरे होते. पण घाऊक व्यापाऱ्याची मालवाहतूक अडविण्याआधी दहादा विचार करणाऱ्या राज्यकर्त्यांनी फाटक्या माणसाची बोचकी उघडताना एकदाही केला नाही, हे अज्ञानाने घडलेले नव्हते.

प्लेगच्या पहिल्या वर्षापेक्षा त्यामागून आलेली वर्षे बाजाराला अधिक जड गेली. पावसाळ्यात रोग ओसरे, माणसे परत येत, चाळी भरत, उधारी पुन्हा सुरू होई. माघ-फाल्गुनात रोग पुन्हा उसळे, आणि कित्येक वर्षी बळींची संख्या पहिल्या वर्षाच्याही वर गेली. १९०१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ७,७६,००६ भरली; वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटली होती. धंद्याला स्थैर्य असे ते उरलेच नाही. ज्या गिऱ्हाइकाचा पुढच्या होळीपर्यंत भरवसा नाही त्याला उधार कोण देणार, आणि उधार दिल्यावाचून माल खपणार कसा?

अशा वेळी शहराच्या आरोग्यासाठी म्हणून १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडून त्यांतून रुंद रस्ते काढावेत, समुद्राची हवा शहराच्या गाभ्यापर्यंत यावी, हा तिचा उद्देश स्तुत्य होता, आणि प्रिन्सेस स्ट्रीट किंवा सँडहर्स्ट रोड यांवरून जाणाऱ्या माणसाने त्या हवेबद्दल कृतज्ञ असावे. परंतु हिशेब पुरा मांडला पाहिजे. नागपाडा, मांडवी-कोळीवाडा, चंदनवाडी अशा वस्त्यांतून ज्या इमारती पाडल्या त्यांची नुकसानभरपाई जमीनमालकाला आणि घरमालकाला मिळाली. भाडेकरूला नोटीस मिळाली. आणि इमारतीच्या पायरीवर, ओट्यावर, जिन्याखालच्या बोळकांडीत बसून धंदा करणाऱ्याला काहीच मिळाले नाही, कारण तो कोणत्याही नकाशावर नव्हता. ट्रस्टने पहिल्या दोन दशकांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्याही नव्या बांधल्या नाहीत. उठलेली माणसे शेजारच्या वस्त्यांत घुसली, तेथली दाटी वाढली आणि भाडी चढली. जुना बोळ फेरीवाल्याचे गिऱ्हाईक त्याच्या दारापाशी आणून सोडीत असे. नव्या रुंद रस्त्यावर मात्र गाड्यांना प्राधान्य होते, पादचाऱ्यासाठी पदपथ होता, आणि पथारी पसरणाऱ्यासाठी म्युनिसिपालिटीचा शिपाई होता. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्याच्या ३१४ व्या कलमाप्रमाणे रस्त्यात विक्रीसाठी मांडलेला माल पूर्वसूचनेवाचून उचलण्याचा जो अधिकार आयुक्ताला आहे, त्या कलमाची धास्ती टोपलीवाल्यांच्या चौथ्या पिढीलाही आहे.

प्लेगचा जोर हळूहळू ओसरला. तोवर हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली होती. मग १९१८ च्या जूनमध्ये, महायुद्ध संपत आले असताना, मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावरचे शिपाई तापाने पडले आणि मानमोडी, म्हणजेच इन्फ्लुएंझाची साथ, आली. सप्टेंबरच्या अखेरीस तिची दुसरी लाट उठली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षीही पाऊस बुडालेला, धान्य महाग, कापड तर युद्धामुळे आधीच गगनाला भिडलेले. या वेळी मात्र सरकारने भावांवर नियंत्रण आणि स्वस्त धान्याची दुकाने असे उपाय योजून पाहिले, आणि १९१९ च्या जानेवारीत लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी महागाईविरुद्ध संप पुकारला. कामगाराच्या दुःखाला अशा रीतीने संपाची वाचा फुटली. संपाच्या दिवसांत त्यांना उधार घालणाऱ्या बायकांचा उल्लेख त्या संपाच्या वृत्तांतांत शोधूनही सापडत नाही.

पुढे शंभर वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारने करोनाच्या साथीसाठी १८९७ चाच कायदा पुन्हा पुकारला. मांडवीतल्या दाणाबंदरचा धान्यव्यापार एव्हाना वाशीला गेला होता; मे महिन्यात तो घाऊक बाजारही काही दिवस बंद ठेवावा लागला. पथारीवाल्यांची दशा आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिली आहे. उसनवारी, गिऱ्हाइकाचे गावी जाणे, बुडालेली उधारी, यांत एकही गोष्ट नवीन नव्हती. एक गोष्ट मात्र प्रथमच घडली आणि तिची नोंद आदराने केली पाहिजे. त्या वर्षीच्या जूनपासून केंद्र सरकारने पथविक्रेत्यांना दहा हजार रुपयांपर्यंत खेळते भांडवल कर्जाऊ देण्याची योजना सुरू केली. टोपलीवालीचे भांडवल ही बुडू शकणारी आणि भरून काढण्याजोगी वस्तू आहे, हे राज्यसत्तेने मान्य केले. परंतु त्या कर्जासाठी कागद लागत होता: विक्रीचे प्रमाणपत्र, ओळखपत्र, सर्वेक्षणातले नाव, निदान नगरपालिकेचे शिफारसपत्र. ज्याच्याजवळ यांतले काहीच नव्हते तो १८९७ च्या बाईइतकाच सरकारला अनोळखी होता.

म्हणून एक विनंती करून थांबतो. आपल्यापैकी ज्यांचे आजे-पणजे मांडवीत, भुलेश्वरात, पुण्याच्या मंडईत किंवा एखाद्या तालुक्याच्या पेठेत दुकानदारी, अडत, हमाली वा फेरी करीत होते, त्यांच्या माळ्यावर जुनी रोजकीर्द, खतावणी, गहाणखत, बाजारभाड्याची पावती, म्युनिसिपालिटीची एखादी नोटीस अजून पडलेली असण्याचा संभव आहे. ती रद्दीत घालू नये. प्लेगच्याच वर्षांत, १८९८ साली, स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा जवळच्या विद्यापीठाचा इतिहास विभाग यांपैकी कोणाकडे तरी ती दाखवावी. आणि ज्या घरी कागद नाही पण आजी आहे, त्या घरी नातवाने आजीजवळ बसून तिच्या आईची टोपली कोणत्या नाक्यावर होती, उधारी कोणाकडे थकली होती आणि उसने कोणाकडून आणीत, एवढे तरी लिहून ठेवावे.